एकच पत्ता

नान्नजच्या माळावर वैशाखात
हिरव्या म्हणाव्या अशा तीनच गोष्टी उरतात.
बांधावरचा फड्या निवडुंग,
देवळामागचा त्रिधारी,
आणि दगडाच्या आडोशाला, मांजराएवढ्या सावलीत,
माकडशिंग.

तिघंही फुगलेले, पोटात पाणी दडवून बसलेले,
पानांचा संसार केव्हाच मोडून टाकलेला.
आमच्या घरच्या तेलुगूत पहिल्या दोघांचं आडनाव एकच, जेमुडु.
मराठीतही दोघं निवडुंगच.
तिसऱ्याला मराठीत माकडाचं शिंग म्हणतात, तेलुगूत सशाचं.
नसलेल्या शिंगाबद्दल
दोन्ही भाषांचं एवढं एकमत!

हिरेमठ मॅडम म्हणाल्या,
नावावर जाऊ नकोस. कापून आण.

कापलं.
त्रिधारीतून दूध उडालं, मनगटावर चार दिवस पुरळ.
फड्यातून नुसती लाळ.
माकडशिंगातून पाणी, तेही उपकार केल्यासारखं.
लाळेतून डीएनए सुटता सुटेना,
तीन वेळा नळीच्या तळाशी शेंबूडच उरला.
चौथ्या वेळी, लाईट जायच्या आधी दहा मिनिटं,
एक पांढरा तंतू तरंगला,
मागावर तुटून गाठीची वाट बघणाऱ्या सुतासारखा.

महिन्याने अक्षरं आली. चारच अक्षरं,
हजारो वेळा मागेपुढे.
रविवारी तो कागद घरी नेला.
नान्नांनी चाळीस वर्षं चादरींचे पत्ते पाडले, भोकांमागून भोकं.
दोऱ्याने बांधलेला चष्मा लावून
बोट फिरवत म्हणाले, हे पत्तेच की गं.

मग सांगितलं:
एकदा माझ्या हातून एक भोक जास्त पडलं,
मोराच्या डाव्या पायाला एक बोट वाढलं.
दोन वर्षांनी अक्कलकोट रोडच्या भलत्याच कारखान्यात
मोर दिसला. मोजलं. तेच बोट.
मोर काय, कुणीही विणतो,
मोरासारखा मोर म्हणजे काही नाही.
पण तीच चूक, त्याच जागी?
पत्ता माझाच.

मॅडमना हेच सांगायला दोन तास लागले होते.

मी चुका मोजत गेले.
त्रिधारी निघाला एरंडाच्या कुळातला.
फड्या थेट घोळाच्या भाजीजवळ,
तीच, अम्मा तुरीच्या डाळीत घालते ती.
आणि माकडशिंग रुईच्या घरचं,
शनिवारी मारुतीच्या गळ्यात पडणाऱ्या रुईच्या.
जेमुडु, जेमुडु म्हणत एका ओळीत बसवलेले दोघं
एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हते.

पाळी सुटते तेव्हा आशानगरात बघा.
नदाफ, बोल्ली, म्हेत्रे, गायकवाड,
धुरळ्याने सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या,
वाटतं, एकाच आईची लेकरं.
नळावर तोंडं धुतली
की कळतं कोण कुणाचा.
उन्हाचा नळ मात्र कोटी वर्षं कुणी सोडलेला नाही.

झाड काढलं, म्हणजे नात्यांचं.
सगळ्या फांद्यांवर शंभर, नव्याण्णव असे ठणठणीत आकडे,
एका फाट्यावर फक्त अठ्ठावन्न.
ओढ्याअलीकडचं माकडशिंग आणि पलीकडचं,
एक जात की दोन?
मॅडमनी पेन्सिलीने गोल केला. पुन्हा जा.

गेले. अकराची एसटी, डोक्यावर ओला पंचा.
सतरा नंबरचा नमुना पिशवीबाहेर ठेवून
चिठ्ठी लिहीत होते, तेवढ्यात
मेंढरामागच्या शिदूने तो उचलला,
साल काढली, मीठ लावलं आणि खाल्ला.
मी ओरडायच्या आत म्हणतो,
हा चांगलाय. पलीकडचा नका खाऊ,
कडू जहर लागतो.

चिठ्ठीवर सतरा खोडलं.
मागच्या बाजूला लिहिलं: पलीकडचा कडू,
आणि उन्हात ओढा ओलांडला.